माणगाव खोऱ्यात बांबू आणि भात एकाच शेतात

कुडाळजवळच्या माणगाव खोऱ्यात बांबूशेती बघायला जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा. भात कापून झालेलं असतं, माणग्याची, म्हणजे इथल्या बांबूच्या जातीची, तोड सुरू असते आणि मुख्य म्हणजे सावली नीट दिसते. मी गेलो ते त्यासाठीच. बांबूच्या आसपास दुसरं काही पिकत नाही असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. इथे मात्र दोन्ही एकाच सातबाऱ्यावर नांदतात.

कोकणकन्या किंवा तुतारीने कुडाळला उतरून पुढे एसटी. परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधीच विचारून ठेवा.

ज्यांच्या शेतावर गेलो, त्या काकांनी पहिल्या वाक्यातच निकाल लावला: "माणगो मेरेर लावचो, कुणग्यात नाय." म्हणजे बांधावर लावायचा, भाताच्या खाचरात नाही. पण बांध कुठला, हेही तितकंच महत्त्वाचं. पावसाळ्यात इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली बेटाच्या (बांबूच्या झुपक्याच्या) पायाशीच राहते, भाताचं फारसं बिघडत नाही. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलतो. मग तीस फुटी बेटाची सावली डिसेंबरात भर दुपारीही पंचवीसेक फूट उत्तरेला जाते. बेट दक्षिणेच्या बांधावर असेल तर ती थेट तुमच्या कुळीथ-चवळीवर. उत्तरेच्या बांधावर असेल तर शेजाऱ्याच्या. तेव्हा हद्दीपासून थोडं आत सरकूनच लावा, नाहीतर चहा बंद होतो.

मुळांचंही तसंच. ती फार खोल जात नाहीत, पण आडवी पसरतात आणि पिकाचं पाणी-खत ओढतात. बेट आणि खाचर यांच्यामध्ये दीड-दोन फुटांचा चर काढून तो अधूनमधून साफ केला की मुळं आवरतात. ज्यांना बांधाऐवजी वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीवर सलग लागवड करायची आहे, त्यांनी ओळींत अंतर सोडून पहिली दोन-तीन वर्षं नाचणी, चवळी घ्यावी. बेटं दाटली की उन्हाची पिकं सोडून हळद, आलं, सुरण. सावलीत नाचणी रेटत बसण्यात अर्थ नाही.

तोड बघाल तेव्हा कोयता कुठे चालतो त्याकडे लक्ष द्या. कोवळी काठी राखायची आणि तीन वर्षांवरची जून काठी काढायची. पण जून काठ्या असतात बेटाच्या मध्यात. म्हणून एका बाजूने वाट उघडून, घोड्याच्या नालेसारखा आकार ठेवत आत शिरतात. नुसत्या कडेच्या काठ्या सोप्या म्हणून तोडल्या की बेट आतून गच्च होतं. पावसाळ्यात कोंब फुटत असताना तोड नाही. त्या दिवसांत तुम्ही गेलात तर पायाखाली बघून चाला, कोंब मोडला की पुढची काठी गेली. अंगभर कपडे मात्र कधीही हवेत: कोंबाच्या सालीवरची कूस, म्हणजे बारीक केस, अंगाला लागली की खाज सुटते, आणि पाचोळ्यात फुरसं असू शकतं.

खासगी जमिनीवरचा बांबू 2017च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तोडीची धास्ती आता कमी आहे. रोपं घेताना मात्र सावध राहा. माणग्याची लागवड बियांपासून होत नाही, कंदापासून किंवा काठीच्या तुकड्यांपासून होते. 'बियाण्याचा माणगा' म्हणून कुणी रोप पुढे केलं तर पैसे काढू नका.