म्युनिक सोडताना काय आधी, काय शेवटी

म्युनिक सोडून भारतात परतायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं काढतात आणि मग घरमालकाला कळवतात. पहिला फटका तिथेच बसतो. भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते आणि पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाला पोचलं तरच तो महिना धरला जातो. ३० जूनला घर सोडायचं तर एप्रिलचा तिसरा कामाचा दिवस ही शेवटची मुदत. एक दिवस उशीर झाला की जुलैचं भाडंही तुमच्याच गळ्यात. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. कागदावर शाईची सही लागते, आणि करारावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या. पोस्टमन थेट पेटीत टाकून नोंद करतो ते रजिस्टर पत्र पाठवा. सही घेऊन देण्याचं पत्र मालक घरी नसला तर पोस्टात पडून राहतं आणि तेवढ्यात मुदत हुकते.

‘तीन नवे भाडेकरू शोधून दिले की लगेच सुटता येतं’ हे इथल्या प्रत्येक भारतीय ग्रुपवर कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. कायद्यात असं काहीही नाही. मालक राजी झाला तर ठीक. तरीही नवा भाडेकरू लवकर कळलेला बरा, कारण बऱ्याच घरांत ओटा, कपाटं, सिंक हे सगळं भाडेकरूच्या मालकीचं असतं. पुढच्याने ते विकत घेतलं नाही तर उचकटून न्यायचं कामही तुमचंच.

डिपॉझिट, म्हणजे कौत्सिओन, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं आणि त्याचं भवितव्य घर ताब्यात देण्याच्या दिवशी ठरतं. म्युनिकचं पाणी जड, त्यामुळे शॉवरच्या काचेवर आणि नळांवर पांढरा थर हमखास असतो. सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी फडक्याने लावून थोडा वेळ राहू द्यावं. पाणी उकळतं नको, कारण मग न विरघळणारे क्षार बसतात. संगमरवराला मात्र ॲसिड अजिबात लावू नका. आपल्या स्वयंपाकघराचा खास प्रश्न फोडणीचा. चिमणीच्या धातूच्या जाळ्यांत तेल गोंदासारखं घट्ट बसतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून जाळ्या रात्रभर बुडवून ठेवल्या की सुटतं. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याने काळी पडते, तिथे भांडी घासायचं लिक्विडच बरं. पांढऱ्या ओट्यावरचा हळदीचा डाग घासून जात नाही, उन्हाने फिका पडतो. म्हणून तो ओटा निघण्याच्या आदल्या दिवशी साफ करायला घेऊ नका.

भिंतीतली खिळ्यांची आणि स्क्रूची भोकं पुट्टीने भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर मारायचा. इथवर सगळे बरोबर करतात. मग तेवढ्याच ठिपक्यांवर पांढरा रंग लावतात आणि फसतात. जुना पांढरा पिवळसर झालेला असतो, त्यामुळे ठिपके लांबून मोजता येतात. रंगवायची तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा. त्याआधी करार वाचा. घर तुम्हाला न रंगवलेलं मिळालं असेल आणि मालकाने त्याची योग्य भरपाई दिली नसेल, तर जाताना ते रंगवून देण्याची अट लागू होत नाही, असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१५चा निकाल आहे.

ताबा देताना मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि प्रत्येक खोलीची स्थिती कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. जे पटत नाही त्यावर सही करू नका; तशी सक्ती नाही.

यानंतरचा कागद म्हणजे आबमेल्डुंग, शहराच्या दप्तरातून नाव कमी करणं. घर सोडण्याच्या फार तर सात दिवस आधी आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते करायचं असतं. त्याच्या दाखल्याच्या प्रती काढून ठेवा, कारण पुढची बरीच दारं तोच उघडतो. आरोग्य विमा बंद करायला तो लागतो. घरटी महिना १८.३६ युरोची रेडिओ-टीव्ही फी आपोआप थांबत नाही, वेगळी बंद करावी लागते. मुलांचा सरकारी भत्ता चालू असेल तर त्या कार्यालयाला कळवा, नाहीतर नंतर वसुलीचं पत्र येतं. इंटरनेट कंपनी भारतातल्या पत्त्यावर सेवा देऊ शकत नाही, म्हणून एका महिन्याच्या नोटिशीवर करार तोडता येतो. जिमला हे लागू नाही. गाव बदलणं हे मुदतीआधी सुटण्याचं कारण होत नाही, असा २०१६चा निकाल आहे. जर्मनी तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास, बंद करायला महिन्याची १० तारीख गाठावी लागते.

बँकेचं खातं मात्र सगळ्यात शेवटी, आणि इथेच लोक घाई करतात. पाणी, हीटिंग, कचरा यांचा वार्षिक हिशेब द्यायला मालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यावर १२ महिने मिळतात. हिशेब कॅलेंडर वर्षाचा असेल आणि तुम्ही मार्च २०२५मध्ये घर सोडलं असेल, तर हिशेब डिसेंबर २०२६ला आला तरी तो वेळेत. तोवर डिपॉझिटचा काही भाग मालक अडकवून ठेवू शकतो. वर्षाच्या मध्ये नोकरी सोडली की पगारातून कापलेल्या करातलाही काही भाग बऱ्याचदा परत मिळतो. हे पैसे युरोपातल्या खात्यात सरळ येतात. खातं चालू ठेवायचं तर बँकेला आधीच विचारा. भारतातला पत्ता सगळ्याच बँकांना चालत नाही. फोन बदलायचा असेल तर तोही निघण्याआधी बदला, कारण बँकेच्या ॲपचं नवं कोड-पत्र बऱ्याचदा पोस्टानेच येतं.

टपाल मित्राच्या पत्त्यावर वळवताना पेटीवर तुमचं नाव चिकटवायला सांगा. इथला पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर ते परत जातं.

रविवारी दुकानं बंद, भंगार केंद्र बंद, ड्रिल चालवायची सोय नाही. आवराआवरीला निरुपयोगी असलेला हा दिवस निरोपासाठी ठेवावा. आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात रविवारी एका युरोत जाता येतं, नंतर इझार नदीच्या काठाने फ्लाउखर या हिरव्या भागापर्यंत चालत जावं. ऑफिसात निरोपाचा खर्च जाणाऱ्याने करायचा असतो. बटर लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे पीळ दिलेले खारे पाव, सकाळी आणले की काम झालं. वाइसवुर्स्ट, म्हणजे पांढरी सॉसेजेस, ठेवणार असाल तर इथल्या रिवाजाप्रमाणे दुपारी बाराच्या आत.

पेन्शनचा अर्ज भारतात पोचल्यावरचा. पाच वर्षांपेक्षा, म्हणजे ६० महिन्यांपेक्षा कमी वर्गणी भरली असेल तर सक्तीचा विमा संपल्यापासून २४ महिन्यांनी परतावा मागता येतो. मिळतो फक्त पगारातून कापलेला तुमचा हिस्सा, कंपनीचा नाही. परतावा घेतला की त्या वर्षांवरचा सगळा हक्क संपतो. म्हणून पुन्हा जर्मनीत नोकरी करायची थोडी जरी शक्यता असली तरी हा अर्ज लांबणीवर टाकावा.