लोट्टाचं कारंजं

१८ एप्रिल, सॅन फ्रान्सिस्को

पहाटे चारला उठून मार्केट स्ट्रीटवर गेले. १९०६ चा भूकंप झाला तो ५ वाजून १२ मिनिटांनी. दरवर्षी त्या वेळेला लोक या कारंज्यापाशी जमतात, कारण तेव्हा ताटातूट झालेली माणसं एकमेकांना शोधत इथेच यायची. सायरन वाजला, पुष्पचक्र चढलं. मी मात्र सगळा वेळ एकेकाळची गाजलेली नटी लोट्टा क्रॅबट्री हिचा विचार करत होते. १८७५ मध्ये हे कारंजं तिनं शहराला दिलं.

लोट्टाचा जन्म १८४७ चा, न्यूयॉर्कचा. बाप सोन्याच्या नादानं कॅलिफोर्नियात आला, मागोमाग मायलेकी आल्या. त्याच्या हाती सोनं काही लागलं नाही. आईनं, मेरी ॲननं, ग्रास व्हॅलीत खाणकामगारांच्या राहण्या-जेवणाची सोय करून घर चालवलं. त्याच गावात तेव्हा युरोप गाजवून आलेली नर्तकी लोला माँटेझ राहत होती. तिनं या पोरीला चार पावलं शिकवली, असं सांगतात.

मग रॅबिट क्रीकच्या वस्तीत लोट्टा पहिल्यांदा खाणकामगारांपुढे नाचली. वय जेमतेम सात-आठ. समोर सगळे पुरुष, बायकापोरं हजारो मैलांवर ठेवून आलेले. त्यांनी नाणी फेकली, सोन्याचे खडे फेकले. तमाशातली दौलतजादाच ती! आईनं सगळं वेचून घेतलं. पुढे वर्षानुवर्षं डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घालत हेच.

त्या पुरुषांना तिच्यात आपापली लेक दिसत असेल, हे मला समजतं. मेरी ॲनचं काय करायचं, ते मात्र कळत नाही. तिचा राग येतो; रात्री तंबाखूच्या धुरात सात वर्षांच्या पोरीला उभं करायचं? पण नवऱ्याचा भरवसा नसलेल्या त्या बाईनं लेकीच्या कमाईची पै न् पै सांभाळली, जमीनजुमल्यात गुंतवली, हेही खरंच. लोट्टा देशभर गाजली, १८९१ मध्ये रंगभूमीवरून उतरली. लग्न केलं नाही. १९२४ मध्ये गेली तेव्हा सुमारे ४० लाख डॉलर मागे होते. जखमी सैनिक, मुकी जनावरं, गरीब नट यांच्यासाठी ठेवलेले.

लहानपणी तिला झोप किती मिळत असेल?

घरी आले तेव्हा साडेसहा झाले होते. माझी सात वर्षांची लेक पांघरूण लाथाडून आडवी झोपलेली. आज तिला शाळेसाठी दहा मिनिटं उशिराच उठवलं.