पुडी मागितली, खोका मिळाला

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून ‘ओआरएस द्या’ (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं मोजून केलेलं औषधी पाणी) म्हणण्यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला २०२५च्या ऑगस्टपर्यंत वाटायचं.

आमचा धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा, वजन साडेअकरा किलो. शुक्रवारी दुपारी जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत पाच-सहा वेळा, निव्वळ पाणी, वर दोन उलट्या. ताप नव्हता, रक्त पडत नव्हतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, “ओआरएस सुरू करा, सकाळी दाखवायला आणा.” मी गाडी काढली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो.

त्याने फ्रीजमधून संत्र्याच्या चवीचा खोका काढून दिला. समोर ओआरएस ही अक्षरं बोटाएवढी मोठी, बाजूला स्ट्रॉ चिकटवलेली. मला बरंच वाटलं, पाणी उकळा, गार करा, मोजा ही भानगडच नाही. पोराने तो गटागट संपवला आणि “अजून” म्हणाला. साडेआठला दुसरा दिला. अकरापर्यंत चार जुलाब झाले, आधीपेक्षा पातळ. बायको चादर बदलता बदलता म्हणाली, “हे प्यायल्यापासून वाढलंय.” मी तिलाच समजावलं, “अगं, ओआरएसनं कसं वाढेल?”

मग खोका उलटा केला. मोबाइलचा टॉर्च लावून वाचावं लागलं, इतकी बारीक अक्षरं. इंग्रजीत लिहिलं होतं की हे उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही. पुढून ओआरएस, मागून ‘ओआरएस नाही’! खाली साखर बघितली तर १०० मिलीला ११ ग्रॅमच्या वर. खऱ्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे १०० मिलीला दीड ग्रॅमसुद्धा नाही. मी पोराला सरबत पाजत होतो.

साडेअकराला परत बाहेर. रात्रभर उघडं असणारं मेडिकल गाठलं. म्हटलं, पुडी द्या, पाण्यात विरघळवायची. तो म्हणाला, “पुडी आता कोण नेतं साहेब? सगळे हेच नेतात,” आणि तसलाच खोका पुढे सरकवला, या वेळी सफरचंदाचा. मी मागची ओळ दाखवली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. “लहान मुलं पुडी पीत नाहीत, खारट लागते.” शेवटी मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्याने खालून एक डबा काढला. ती ग्लुकोजची पावडर निघाली, उन्हाळ्यात थकवा आला की पितात ती. मागे उभा असलेला एक माणूस मला म्हणाला, “घ्या की हो, सारखंच असतं सगळं.” पाऊस पडत होता, घरी पोर रडत होतं आणि मी दुकानात साखरेच्या ग्रॅमवरून भांडत होतो. तिसऱ्या दुकानात पुडी संपलेली. तो निदान खरं बोलला.

हात हलवत घरी आलो. आई म्हणाली, “मीठ-साखरेचं पाणी कर की रे, आम्ही काय करत होतो?” ती चिमूट-मुठीने घालायला निघाली होती, मी हात धरला. मीठ जास्त झालं तर लहान पोराला ते फार महागात पडतं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ५ मिलीचं माप घेतलं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखर सहा मापं, सुरीने सपाट करून, आणि मीठ अर्धं माप. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं. पुडी मिळेपर्यंतची सोय म्हणून हे ठीक, कारण यात पोटॅशियम नसतं.

पहिल्या दोन घोटांना त्याने उलटी केली. दहा मिनिटं थांबलो, मग दर दोन मिनिटांनी एक चमचा. वाटीने किंवा बाटलीने घाई केली की सगळं बाहेर येतं. रात्री दोनला त्याने भरपूर शू केली. आयुष्यात कुणाच्या शूचा इतका आनंद झाला नव्हता.

सकाळी सातला समोरच्या गल्लीतल्या आशाताईंकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेकडे गेलो. त्यांनी पिशवीतून दोन पुड्या काढून दिल्या, फुकट. रात्री तीन दुकानं फिरण्याआधी हे सुचायला हवं होतं.

पुडी पूर्ण एक लिटरची होती. आई म्हणाली, “चमचाभर ग्लासात घाल, सगळी कशाला भिजवतोस?” तसं अजिबात करू नका. भुकटीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, चमच्यात काय येईल सांगता येत नाही. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर वाचा. दूध, रस, वरून साखर काही घालायचं नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

शरीरातलं पाणी कमी झालंय का बघायला डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली. रडताना डोळ्यांत पाणीही होतं. “थोडक्यात निभावलं,” म्हणाले. आतड्यात साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले की पाणी शरीरात ओढलं जातं, साखर फार झाली की उलटं, पाणीच आतड्यात ओढलं जातं. प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली द्यायला सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १००. मऊ भात, दही चालू ठेवायचं, अंगावरचं दूध असेल तर तेही. शेजाऱ्यांनी जुलाब थांबवायची गोळी दिली होती, ती डॉक्टरांनी कचऱ्यात टाकायला लावली. पोर सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू नाही, रक्त पडलं किंवा काहीच पोटात राहीना, तर चमचे मोजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

हो, डॉक्टरांनी दिलेली झिंकची गोळी सांगायची राहिलीच. रोज २० मिलीग्रॅम, १४ दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून मी पाचव्या दिवशी बंद केली आणि बोलणी खाल्ली.

१४ ऑक्टोबर २०२५ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. मी एका रात्रीत दमलो होतो.

परवा त्याच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पुडी मागितली. त्याने मुकाट्याने काढून दिली. मी मागची बाजू वाचत बसलो, तर म्हणाला, “साहेब, खरी आहे.” तरी पूर्ण वाचली, तारीखही बघितली, आणि चार घेतल्या.