ओहोळाने आमच्यासमोर वाट कापली

मी इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीच्या मुलांना फील्डवर्कसाठी आम्ही आयल ऑफ वाइटवर नेतो. या बेटाचे नैर्ऋत्येकडचे कडे मऊ माती-वाळूचे आहेत, आणि त्यांना उभे चिरत लहान लहान ओहोळ समुद्रात उतरतात. अशा घळीला तिथे ‘चाईन’ म्हणतात. समुद्र कडा खात मागे सरकतो, तसा ओहोळ तोकडा होत जातो आणि अखेर त्याला कड्यावरून उडी घ्यावी लागते. त्या उडीने मऊ मातीत खाच पडते, आणि ती खाच मागे मागे सरकत घळ तयार होते. समुद्राचा कडा खाण्याचा वेग ओहोळाच्या कापण्यापेक्षा वाढला तर घळच उरत नाही. ब्लॅकगँगला तेच झालं. तिथलं करमणुकीचं उद्यान १८४३ पासून चालू आहे, पण ज्या घळीचं नाव त्याला मिळालं ती दरडींनी केव्हाच गिळली.

मी मुलांना हमखास शेफर्ड्स चाईनला नेते. कारण शेजारीच काऊलीझ चाईन आहे, आणि ती कोरडी आहे. पूर्वी ओहोळ तिच्यातून वाहायचा. सुमारे २०० वर्षांपूर्वी एका मेंढपाळाने पाणी वळवलं आणि ही नवी घळ कापली गेली, असं बेटावर सांगतात. एकीत पाणी, दुसरीत नाही. प्रयोगशाळेत मांडून दाखवता येणार नाही असा धडा इथे आयताच मिळतो.

ती एप्रिलमधली सकाळ होती. आदल्या आठवड्यात भरपूर पाऊस झाला होता, म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहून, हेल्मेट घालून आम्ही कड्यांपासून लांब, घळीच्या जरा वरच्या अंगाला मोजमाप घेत होतो. टेप ताणलेला होता. तेवढ्यात खालच्या बाजूला, समोरच्या काठावरून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला आणि करड्या मातीचा तीन-चार मीटरचा तुकडा सरळ ओहोळात बसला.

मी रत्नागिरीची. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं पोटात घेऊन जगणाऱ्या माणसाला दरडीचा आवाज ऐकून आधी माणसंच मोजावीशी वाटतात. मी मोजली. सगळी होती. सगळ्यांना वरच्या पायवाटेवर घेतलं आणि मग आम्ही पाहत राहिलो.

ओहोळ अडला होता. दरडीच्या खालच्या अंगाला पाणी ओसरून दगडगोटे उघडे पडले, वरच्या अंगाला गढूळ डोह चढू लागला. मग मातीच्या सगळ्यात सखल जागेवरून बोटाएवढी तपकिरी धार पलीकडे उतरली. तिथे वीतभर धबधबा तयार झाला. त्याचा काठ ढासळला, मागे सरकला, पुन्हा ढासळला. दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्याच राहत होत्या आणि तळ खोल जात होता. अर्ध्या तासाच्या आत ती खाच डोहापर्यंत पोचली आणि साठलेलं पाणी एका झटक्यात निघून गेलं. शतकांमध्ये होणारं काम तेवढ्यात, तेवढ्याशा जागेत! फळ्यावर मी हे अनेकदा काढलं आहे, पण डोळ्यांनी पाहताना माझ्या अंगावर काटा आला. एक मुलगी मात्र शांतपणे फोनवर वेळ लावून, काठावर रोवलेल्या लाल-पांढऱ्या काठीच्या पट्ट्यांवरून खाच किती मागे आली ते लिहून घेत होती.

परतताना एका मुलाने विचारलं, “मिस, इथे भिंत का नाही बांधत?”

मी त्यांना जुन्या दरडीची माती दाखवली. तिच्यावर प्लॅन्टेन उगवलं होतं, आपल्या इसबगोलाच्या कुळातलं. त्याच्या पानांवर जाळीत काळे, लालसर डोक्यांचे सुरवंट गच्च बसले होते. हे ग्लॅनव्हिल फ्रिटिलरीचे सुरवंट. ब्रिटनमध्ये हे फुलपाखरू मुख्यतः याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर टिकून आहे, कारण इथे दरडी कोसळून माती उघडी पडत राहते. कोसळणं थांबलं की गवत-झुडपं माजतात, प्लॅन्टेन दबतं. मातीत बिळं करणाऱ्या मधमाश्यांनाही अशीच उघडी, ऊन लागणारी जागा लागते. याच किनाऱ्यावर इग्वानोडॉनसारख्या डायनोसॉरची हाडं सापडतात, तीही कडा पडतो म्हणूनच. जिथे वस्ती नाही तिथे हे कडे पडू द्यावेत आणि कड्याजवळून जाणारा मिलिटरी रोड जिथे धोक्यात येईल तिथे आत हलवावा, असं माझं ठाम मत आहे. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या आजीचं घर दुसरीकडे अशाच एका कड्यापाशी आहे. त्याला ते पटलं नाही, आणि मीही रेटलं नाही.

काठीवर नजर ठेवणाऱ्या मुलीने पुढे आपल्या स्वतंत्र प्रकल्पाचा विषय बदलला. आधी तिला किनाऱ्यावरचे गोटे मोजायचे होते. आता ती शेफर्ड्स आणि काऊलीझ या दोन घळींच्या काठांचा उतार ताडून पाहते आहे.