लॉगिन झालंय, पण परवानगी नाही

तक्रारीचं तिकीट टाकून अकरा दिवस झाले आणि आमच्या सीआरएमच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सपोर्टचा मेल आला, 'कृपया ब्राउझरची कॅश साफ करून पुन्हा प्रयत्न करा.' हेच वाक्य पहिल्या दिवशी आलं होतं, चौथ्या दिवशीही आलं होतं. आमच्या वेबसाइटचा सर्व्हर थेट सीआरएमशी बोलतो, मध्ये ब्राउझरचा संबंधच नाही, हे मी दोनदा सविस्तर लिहून कळवलं होतं. वाचलं कुणी? माझं काम त्यानंतर झालं, पण राग काही उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

कोल्हापुरात आमचा छपरावरच्या सोलरचा धंदा आहे. दादा साइट बघतो, मी ऑफिस. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉट आणि त्यावरच्या सिस्टिमला ७८ हजारांचं अनुदान म्हटल्यावर चौकशा इतक्या वाढल्या की वहीत लिहून भागेना. मग सीआरएम घेतलं आणि वेबसाइटवरचा फॉर्म त्याला जोडला. जोडून दिलं आमच्याकडे मार्केटिंगला असलेल्या मुलानं. अर्ध्या दिवसात झालं, कसं झालं ते मी विचारलंही नाही.

तो मुलगा जूनमध्ये नोकरी सोडून गेला. लायसनचे पैसे वाचतील म्हणून मी त्याच दिवशी त्याचा यूजर बंद केला. वेबसाइटवरून लीड, म्हणजे नव्या चौकशा, यायच्या थांबल्या आणि सहा दिवस आमच्या लक्षातही आलं नाही. "पाऊस लागलाय गं तायडे, आता कोण छपरावर चढतंय," असं दादा म्हणाला, मलाही ते पटलं. मग कागलच्या एका गृहस्थांचा फोन आला, "मॅडम, फॉर्म भरून चार दिवस झाले, तुमचं कोण बोलतच नाही की."

वेबसाइटवाल्याकडून लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, मागवला. ओळीनं ४०१, ४०१, ४०१. याचा अर्थ एवढाच की सीआरएम म्हणतंय, 'तू कोण ते मला कळत नाही.' जोडणी करताना एक पान येतं, 'हे ॲप तुमच्या वतीने माहिती वाचू-लिहू शकेल' असं सांगणारं, आणि खाली परवानगी द्यायचं बटण. ते बटण ज्यानं दाबलं त्याच्या नावाचं टोकन, म्हणजे आत जायची किल्ली, ॲपला मिळतं; आमचं ॲप म्हणजे वेबसाइटचा फॉर्म. पुढे ॲप जे काही करतं ते त्या माणसाच्या नावानं आणि त्याच्याच अधिकारात. इथे माणूसच बंद, तर टोकन कसं चालणार? म्हणजे कुणाचाही यूजर बंद करण्याआधी त्याच्या नावावर काय काय जोडलेलं आहे ते बघायचं. मी बघितलं नव्हतं.

पुन्हा कुणा कर्मचाऱ्याच्या नावावर जोडायचं नाही एवढं मी ठरवलं. 'वेबसाइट' नावाचा वेगळा यूजर काढला. एका जादा लायसनचे पैसे गेले, दादानं कुरकुर केली, पण तो निर्णय बरोबरच होता आणि आजही मी तोच घेईन. जोडताना किरकोळ विघ्नं आली. रीडायरेक्ट यूआरएल, म्हणजे परवानगी दिल्यावर परत यायचा पत्ता, सीआरएममध्ये आणि ॲपमध्ये अक्षरशः एकसारखी लागते. आमच्या एका जागी शेवटी तिरकी रेघ होती, दुसऱ्या जागी नव्हती, तेवढ्यावर अडलं. क्लायंट सिक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली, त्यात तासभर गेला. पण दुपारपर्यंत लॉगिन झालं. हिरवी खूण आली. 'जोडणी यशस्वी.'

खरा छळ इथून पुढे सुरू झाला.

काही लीड येत होत्या, काही येत नव्हत्या. न येणाऱ्यांपुढे ४०३ आणि सोबत एक वाक्य, 'पुरेशी परवानगी नाही.' ४०१ आणि ४०३ हे वेगळे आजार आहेत. ४०१ म्हणजे दारावर ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, आत घेतलं, पण या कपाटाला हात लावायचा नाही. कुठलं कपाट ते मात्र सांगत नाहीत! कशाची परवानगी नाही? लीड बनवायची? नियुक्त करायची? वाचायची? एवढं एक नाव त्या वाक्यात घातलं असतं तर माझे अकरा दिवस वाचले असते.

तिकीट टाकलं. कॅश साफ करा. स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. स्क्रीनचा व्हिडिओ पाठवा. सर्व्हरवर चालणाऱ्या गोष्टीचा कसला व्हिडिओ? तरी लॉग वर-खाली फिरवून तोही पाठवला. पाचव्या दिवशी त्यांच्याकडच्या एकानं आमच्याच जोडणीतून चाचणीची लीड टाकून बघितली, नाव 'टेस्ट', मोबाइल दहा नऊ, आणि ती गेली. 'आमच्याकडून व्यवस्थित चालत आहे.' मी कळवलं, बाबा, निम्म्या माझ्याकडूनही जातात, अडकतात त्यांचं बोला. मग म्हणे स्कोप तपासा. स्कोप म्हणजे ॲपनं जोडताना काय काय मागितलं त्याची यादी. लीड बनवणं, वाचणं, बदलणं, सगळं मागितलेलं होतं. (तुम्हाला कधी स्कोप वाढवावा लागला तर नुसतं सेटिंग बदलून भागत नाही. जुन्या टोकनला जुनेच अधिकार राहतात, ते परवानगीचं बटण पुन्हा दाबावंच लागतं.)

सातव्या दिवशी वेबसाइटवाला वैतागून म्हणाला, "मॅडम, तुमच्या ॲडमिन लॉगिननंच जोडूया की, विषय संपवूया." एकदा करून बघितलं. सगळ्या लीड गेल्या, एकही अडकली नाही. तरी मी ते लगेच काढायला लावलं. ॲडमिनचं टोकन म्हणजे सगळ्या घराची किल्ली, आणि ती ठेवायची त्याच्या दहा गिऱ्हाइकांच्या सामाईक होस्टिंगवर? अख्खा डेटा पुसायचा अधिकार एका चौकशीच्या फॉर्मला कशाला? पण उत्तर तिथेच समोर येऊन उभं राहिलं होतं, ते मला दिसलं नाही. ॲडमिननं चालतं आणि 'वेबसाइट'नं अडतं, म्हणजे ॲपमध्ये दोष नाही, स्कोपमध्येही नाही, अडचण त्या यूजरच्या अधिकारात आहे. तुमच्याकडे ४०३ आला तर आधी ही एक चाचणी करा, आणि लगेच उलटी फिरवा.

तो कॅश साफ करायचा तिसरा मेल आला त्या रात्री मी अडकलेले सहा आणि गेलेले सहा फॉर्म छापून टेबलावर मांडले आणि लाल पेन घेऊन ओळ ओळ बघत बसले. नाव, मोबाइल, गाव, महिन्याचं बिल. तिसऱ्या कागदाला ध्यानात आलं. अडकलेल्या सहाच्या सहा जणांनी महावितरणचा ग्राहक क्रमांक भरला होता, गेलेल्या सहांपैकी एकानंही नाही. ती जागा ऐच्छिक आहे. लाइट बिल हातात घेऊन फॉर्म भरायला बसतो तो खरा गिऱ्हाईक, आणि आमचं सीआरएम नेमकं त्यालाच बाहेर ठेवत होतं. सपोर्टच्या 'टेस्ट'ला कुठलं आलंय लाइट बिल, म्हणून तो सुखरूप आत गेला होता.

लगेच इन्कॉग्निटो खिडकी उघडून त्या 'वेबसाइट' यूजरनं स्वतः लॉगिन केलं. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. नवीन लीडचा फॉर्म उघडला. मोबाइल, आणि त्याच्याखाली एकदम गाव. मधली ग्राहक क्रमांकाची ओळच नव्हती.

आता कबूल करायचा भाग. ती ओळ लपवली होती मीच. वर्षभरापूर्वी आमच्या टेलिकॉलर मुली त्या जागी मोबाइल नंबर टाकायच्या. ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो, म्हणून १२ आकड्यांची अट घातली होती, तर मोबाइलच्या आधी ९१ लावला की बरोबर १२ होतात! अट खूश, बिल कुणाचं कळायची सोय नाही. वैतागून मी टेलिकॉलरच्या प्रोफाइलमधून, म्हणजे कुणाला काय दिसावं-बदलता यावं त्या यादीतून, ती ओळ काढून टाकली. आणि आता 'वेबसाइट'साठी नवीन प्रोफाइल करताना कमी अधिकारांचं म्हणून टेलिकॉलरचंच कॉपी केलं होतं. प्रोफाइल कॉपी केलं की त्यातल्या लपवालपवीही सोबत येतात.

दोन चौकोन होते, 'दिसू दे' आणि 'बदलू दे'. दोन्हींवर टिक केली, एक अडकलेला फॉर्म पुन्हा पाठवला. गेला. रात्रीचे पावणेअकरा झाले होते, मी दादाला हाक मारली, तो जेवण झाल्यावर पेंगत होता, "बरं," म्हणाला.

हो, एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं छान चाललं आणि तासाभरानं पुन्हा ४०१. पोटात गोळा आला. पण हे सोपं निघालं. आमच्या सीआरएमचं टोकन एक तास चालतं, पुढे रिफ्रेश टोकन दाखवून नवं घ्यायचं असतं, आणि वेबसाइटवाल्यानं जोडताना ते मागितलंच नव्हतं. जोडणी बरोबर तासानं मरत असेल तर दुसरीकडे कुठे शोधू नका. तसंच, काही सीआरएम भारतातल्या खात्यांचा डेटा वेगळ्या पत्त्यावर ठेवतात. ॲप परदेशातल्या पत्त्यावर जात असेल तर आयडी-सिक्रेट बरोबर असूनही 'असा क्लायंट नाही' असं ऐकायला मिळतं. आमच्या एका पाहुण्यांचे यात दोन दिवस गेले. आणि 'नोंद सापडली नाही' असं आलं तर नोंद खरंच नाही असं समजू नका. दुसऱ्याच्या नावावर असलेली, आपल्या यूजरला न दिसणारी नोंदही तशीच 'सापडत नाही'.

वेबसाइटच्या मागे प्रत्येक फॉर्मची प्रत साठत होती हे नशीब. त्यातून अडकलेल्या ३१ चौकशा निघाल्या. दोन दिवस मीच फोन करत होते. कागलचे गृहस्थ म्हणाले, "आमचं पॅनेल बसलं पण मॅडम, गेल्या आठवड्यात." दुसऱ्या कुणाकडून, अर्थात.

तिकीट मी मुद्दाम बंद केलं नाही. तेराव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी दुसरा ब्राउझर वापरून बघायला सांगितलं होतं.