दोन बैल की तीन?

तुर्कस्तानातल्या वान शहराच्या कडेला डोंगरात एक बंद दरवाजा कोरलेला आहे, मेहेर कापीसी. खडकातला कोनाडाच तो, मागे काही नाही. उरार्तू या इथल्या प्राचीन राज्याचा राजा इश्पुइनी आणि त्याचा मुलगा मेनुआ यांनी इ.स.पू. ९व्या शतकाच्या अखेरीस त्यावर कोणत्या देवाला किती बळी द्यायचे याची यादी कोरून घेतली. हाल्दीला १७ बैल, ३४ मेंढ्या. तेइशेबाला ६ आणि १२. शिविनीला ४ आणि ८. सगळा मजकूर दोनदा कोरलाय, त्यामुळे एक प्रत झिजली की दुसरीत बघायचं. मी आणि माझा सहकारी ही यादी वाचून उतरवत होतो. त्या दिवशीचा बैलांचा आकडा मात्र दोन्हीकडे खराब निघाला.

ऊन समोरून पडलं की खाचा दिसेनाशा होतात. म्हणून एकाने बाजूला आरसा धरायचा आणि कवडसा खडकावरून तिरपा सरकवायचा. योग्य कोन सापडला की खिळ्यांची, म्हणजे या लिपीतल्या खिळ्याच्या आकाराच्या खुणांची, डोकी उठून येतात. या पाथरवटांचं मला फार कौतुक. ओल्या मातीच्या पाटीवर एक खिळा दुसऱ्याला खुशाल छेदतो, दगडात तिथे कपचा उडतो. म्हणून ते आडवा खिळा मध्ये तोडून उभ्याच्या दोन्ही बाजूंना बसवत. आरपार गेलेली रेघ दिसली की आधी तडा समजायचा.

आकड्यात एक उभा खिळा म्हणजे एक. आरशाच्या उजेडात दोन उभे खिळे स्वच्छ दिसले. तिसऱ्याच्या जागी खड्डा. सहकारी म्हणाला, ‘मेंढ्या सहा आहेत, म्हणजे बैल तीन.’ पण हे दुपटीचं प्रमाण यादीत शेवटपर्यंत टिकत नाही. त्याचं त्रिमित मॉडेलही तीनच म्हणत होतं. मॉडेलला खोली कळते. ती छिन्नीने झाली की पावसाने, हे कळत नाही. पडद्यावर रंगीत चित्र आलं की लोक दगडाकडे बघायचंच सोडतात.

मला राहून राहून शुल्त्स आठवतो. जर्मन अभ्यासक फ्रिडरिश एडुआर्ड शुल्त्स १८२७ मध्ये वानला आला. उरार्तूची ही भाषा तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, तरी त्याने ४२ लेख उतरवून घेतले. १८२९ मध्ये त्याचा खून झाला, नकला १८४० मध्ये छापल्या गेल्या, आणि ब्रिटिश भाषातज्ज्ञ सेसने वाचन मांडलं ते १८८२ मध्ये. शुल्त्सला अर्थच कळत नव्हता, तर पदरचं काय घालणार? आम्हाला व्याकरण येतं, गुणाकारही येतो.

मसुद्यात सहकाऱ्याने कंसात ३ घातलाय. मी तो खोडून ‘२, पुढे दगड तुटलेला’ असं लिहिलं. त्याने परत ३ केला. खरं तर तीनच असावेत असं मलाही वाटतं. पण दिसले दोन.