पासवर्ड कंपनीकडंच हाय

सांगलीतल्या एका सरकारी कार्यालयात आज टच स्क्रीनचं मोठं यंत्र बघितलं. भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं. कडेला उद्घाटनाच्या हाराचा सुकलेला दोरा अजून लोंबतोय, खाली पुसट स्टिकर: ‘दाखल्याची स्थिती येथे पाहा’. शेजारीच एक आजी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत ताटकळत उभ्या.

शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, "देखभालीचा करार संपला. पासवर्ड कंपनीकडंच हाय. आमी काय करणार?"

तेव्हापासून जीव जळतोय. यंत्र आपल्या पैशाचं, किल्ली दुसऱ्याच्या हातात! खरेदीला निधी मिळतो, फीत कापली जाते. पुढं ते कुणी सांभाळायचं, हे कुणी विचारतच नाही.

ब्रिटनमध्येही असं झालं. रुग्णांच्या नोंदी देशभर जोडायची संगणक योजना २००२ साली सुरू झाली, २०११ साली गुंडाळली. पण तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ साली खर्चाचा आकडा लोकांपुढं ठेवला: सुमारे ९८० कोटी पौंड.

आपल्याकडं जिल्हा पातळीवरचा असा हिशेब कोण मांडणार? माहिती अधिकारात या यंत्राचा करार मागवायचा विचार आहे. सोबत कोण येतंय?